जुन्या नाशकातला वाडा: कामाच्या नोंदी

9 नोव्हेंबर 2024, शनिवार

दिवाळी आटोपली, पाहुणे गेले आणि अण्णांनी किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला. अकरा किल्ल्या. त्यातल्या चार कुठल्या कुलपांच्या, हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

वाडा तिवंधा चौकापासून चालत चार मिनिटांवर, चढावरच्या गल्लीत. मालक तीन भावंडं. अण्णा नाशकातच, गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये, ताई पुण्याला, धाकटे भाऊ ठाण्याला. विकायचा हे तिघांचं पक्कं. घोळ एवढाच होता की आहे तसा विकायचा की नीट करून. आहे तसा विकला तर घेणार बिल्डर, आणि पंधरा दिवसांत वाड्याच्या जागी खड्डा. ताईंना ते नको होतं. शेवटी तिघांनी सारखे पैसे घालून दुरुस्त करायचा आणि राहायला येणाऱ्याला विकायचा असं ठरलं, आणि काम माझ्याकडे आलं.

ही वही साइटवरच राहील आणि वाडा विकला की घेणाऱ्याला मिळेल. एकदा गिलावा झाला की भिंतीत काय आहे ते कुणाला सांगता येत नाही. जुन्या वाड्यात आधीच्यांनी काय करून ठेवलंय हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "लिहा की. पण फार नका लिहू."

14 नोव्हेंबर

मापं घेतली. रस्त्याला 32 फूट, आत 130 फूट. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, तिन्ही बाजूंना ओसरी, माजघर, मागे न्हाणीचा छोटा चौक आणि शेवटी परस, 32 बाय 34. माडी फक्त पुढच्या भागावर. काळ्या घडीव दगडाचं अडीच फूट जोतं, वर सागाचा सांगाडा, मध्ये चपट्या विटा आणि पांढरी माती. छत कडीपाटाचं, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. कौलं मंगलोरी, म्हणजे ती मूळची नाहीत.

सुतारबाबांनी सोळाच्या सोळा खांब ठोकून पाहिले. हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकतात आणि कान लावतात. अकरा खणखणीत, पाच भदभद. पाचही मागच्या रांगेत किंवा न्हाणीजवळ. पुढच्या बाजूला सगळा रस्त्याचा धुरळा आणि पाऊस, तरी तिथले खांब ठणठणीत. मागे बंदिस्त जागेत ही गत. हे डोक्यात ठेवायला हवं.

माजघराच्या तुळईवर शेंदूर आणि काजळीखाली कोरलेलं सापडलं: शके 1763. म्हणजे इसवी सन 1841.

26 नोव्हेंबर

कागद. प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र 386.5 चौरस मीटर, नावं पाच, त्यातली दोन माणसं हयात नाहीत. वारसनोंदीचा अर्ज आज दिला. दारावर महापालिकेची कलम 264 ची नोटीस चिकटवलेली आहे: इमारत धोकादायक, उतरवून घ्या किंवा दुरुस्त करा. आपण दुसरं करतोय, तसं पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल जोडला.

पुढच्या दोन खणांत शिंप्याचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं, भाडं महिना पंचाहत्तर रुपये. त्यांच्याशी अण्णांनी वर्षभरापूर्वीच मिटवलंय आणि ताबा सोडल्याचा दस्त नोंदवून घेतलाय. त्याची प्रत फाइलमध्ये पहिल्या पानाला लावली. जुना वाडा बघायला येणारा माणूस लाकूड नंतर बघतो, आधी विचारतो, "भाडेकरू आहेत का?"

11 डिसेंबर

मागची भिंत. माजघर आणि परस यांच्यामधली, 32 फूट लांब. आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, त्यावर फुगे. खरवडला तर खालून पांढरे क्षार मिठासारखे सांडले. ओलीची रेघ जमिनीपासून चार फूट एक इंच. खडूने तिथे आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली. पाऊस जाऊन दोन महिने झालेत, तरी विटेला हात लावला की गार लागतं.

आधीच्यांनी प्रत्येक वेळी आतून इलाज केलेला दिसतोय. सिमेंट, वॉटरप्रूफिंगची पावडर, पुन्हा सिमेंट. एका थरात तर काच घातलेली सापडली, का ते देव जाणे.

मग मागे परसात जाऊन उभी राहिले. परस म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबा, त्यावर शहाबादी फरशी, कोपऱ्यात एक पारिजातक फरशी फोडून वर आलेला. लेव्हल लावून पाहिली. परसाची फरशी माजघराच्या जमिनीपेक्षा सात इंच वर! म्हणजे बाहेरची जमीन चढत चढत जोत्याच्या दगडाच्याही वर गेली आणि विटांना टेकली. दगड ओल वर चढू देत नाही, म्हणून तर जोतं दगडाचं करायचं. इथे पाणी दगडाला वळसा घालून थेट विटेत शिरतंय, आणि कोब्यामुळे खाली मुरायलाही वाट नाही.

19 डिसेंबर

आठ दिवस ब्रेकर चालू आहे. शेजारच्या आजींनी दुपारी दोन ते चार आवाज बंद ठेवायला सांगितलं, ते पाळतोय. कोबा दोन थरांचा निघाला, एकूण नऊ इंच. डोक्यावरून पाट्या वाहून गल्लीच्या तोंडाशी छोट्या टेम्पोत भरायच्या. आतापर्यंत 23 खेपा.

गोदापात्रातल्या कुंडांवरचं काँक्रीट काढा, त्याखाली जिवंत झरे दबलेत, ही मागणी गावात किती वर्षं ऐकतेय. तीच गोष्ट आपल्या परसात निघेल असं वाटलं नव्हतं. पारिजातकापासून सहा फुटांवर ब्रेकरचा आवाज बदलला. पोकळ. खाली स्लॅब, स्लॅबखाली आड.

अण्णांना फोन केला तर ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "हो, होता. लहान मुलं घरात म्हणून वडिलांनी झाकला. मी विसरूनच गेलो होतो." झाकला म्हणजे वर्षभर कचरा टाकून मग स्लॅब ओतलेला. कंदील सोडून पाहिला, विझला नाही. तरी ब्लोअर लावून हवा खेळवल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही असं बजावून ठेवलंय. दगडी बांधकाम शाबूत आहे. पाणी काठापासून 19 फुटांवर. दोरीला गाठी मारून दर महिन्याला मोजायचं ठरवलं.

8 जानेवारी 2025

न्हाणीजवळचा खांब. दिवसभर हे एकच काम.

तुळईखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू, टेकूखाली जाड फळ्या, म्हणजे भार एका जागी येऊन जमीन खचायला नको. मग दोन स्क्रू जॅक. सुतारबाबा जॅकला हात लावत नाहीत. ते खाली उभे राहून नुसते वर बघतात आणि "अजून पाव" म्हणतात. पाव म्हणजे पाव फेरा. सहाव्या पावाला कुठेतरी टिचकी मारल्यासारखा आवाज झाला आणि बाबांचा हात वर गेला. खांब आणि तळखडा, म्हणजे त्याच्या खालचा दगड, यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. तेवढीच हवी, आणखी उचललं तर वरची कौलं सरकायला लागतात.

खालचे अकरा इंच कापले. बाहेरून ऑइलपेंटचे थर, आत ओला भुसा. मुठीत दाबला तर लाडवासारखा वळला. वाळवीने बाहेरचं कोवळं लाकूड खाल्लं होतं, गाभ्याची मनगटाएवढी काठी तेवढी उरलेली. दोन खणांचा भार त्या काठीवर होता आणि याच खांबाला टेकून मी महिनाभर चहा पीत होते.

खाली सागाचा तुकडा जोडायचा की दगड घालायचा? बाबांचं म्हणणं, दगड. "खांब आखूड झाला तर तळखडा उंच करा, त्यात काय लाज." पाथरवटाकडून अकरा इंचांचा काळा दगड घडवून आणला, खांबाच्या तळाला कुसू काढलं, दगडात त्याची खाच. मध्ये शिशाचा पत्रा, ओल वर चढू नये म्हणून. घेणाऱ्याने बघावं: मागच्या रांगेतले तीन तळखडे पुढच्यांपेक्षा उंच आहेत ते यामुळे. उरलेल्या दोन खांबांना लाकडाचाच तिरका सांधा दिला.

त्या सांध्यांना जुना सागच लागतो, नवा मुरलेला नसतो. तो मिळतो पाडलेल्या वाड्यांतून. वखारीत आमच्या वाट्याला आलेल्या एका तुकड्यावर पाच बोटांचा कुंकवाचा ठसा होता. तो भाग बाबांनी रंधला नाही. मागच्या बाजूला फिरवून बसवला.

10 फेब्रुवारी

चुना डिसेंबरपासून तीन टाक्यांत मुरतोय. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदतो, वाफा येतात. दोन दिवसांत तो शांत झालेला दिसतो, पण आतले हट्टी खडे हळूहळू फुटत असतात. घाई केली आणि असा खडा गिलाव्यात गेला तर तो भिंतीत जाऊन फुगतो आणि रुपयाएवढी खपली उडवतो. म्हणून दोन महिने.

मिस्त्री सिन्नरकडचे. माप त्यांचं: एक पाटी चुना, दोन वाळू, एक विटांचा भुगा, त्यात चिरलेला ताग, आणि कालवायला हिरडा, बेलफळ आणि गुळाचं पाणी. गुळामुळे पहिल्या रात्री मुंग्यांची रांग लागली. मिस्त्री म्हणाले, उद्या जातील, त्यांना चुना भाजेल. गेल्या.

सिमेंट इथे का नको, हे धाकट्या भाऊंना फोनवर पुन्हा एकदा सांगितलं. या विटा मऊ आहेत, मातीत बांधलेल्या आहेत, त्या ओल घेणार आणि सोडणार. चुना ती बाहेर जाऊ देतो. सिमेंट कोंडतं, मग ती वर चढते. चार फूट एक इंच अशीच झाली. भाऊ म्हणाले, "पण दर दुप्पट आहे." आहे.

24 फेब्रुवारी

मागच्या भिंतीची ओल तीन फूट आठ इंच. दुसरी खडूरेघ मारली.

19 मार्च, रंगपंचमी

काम बंद. सगळी पोरं रहाडींवर. मीही संध्याकाळी तिवंध्याला जाऊन लांबूनच बघून आले. रहाड म्हणजे पेशवाईतला दगडी हौद. वर्षभर तो लाकडं आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून वाहनं जातात, बाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीला उघडतात, रंग कालवतात, आणि अख्खा गाव त्यात धप्पा मारतो.

बाबा दरवर्षी जातात ते ती लाकडं बघायला. त्यांचा सिद्धांत असा की लाकूड कायम कोरडं ठेवा किंवा कायम ओलं, टिकेल. ओलं-सुकं, ओलं-सुकं केलंत की कुजेल. आमच्या मागच्या खांबांचं तेच झालं होतं. न्हाणी रोज सकाळी ओली, रोज दुपारी सुकी.

12 एप्रिल

दिवाणखान्याच्या गिलाव्याला भेगा, जाळीसारख्या. परवा रामनवमीला जोडून पोरांनी दोन दिवस सुट्टी घेतली आणि गोणपाट भिजवायचं राहिलं. ऊन चाळिशीला टेकलंय. चुना हळू सुकायला हवा, इथे पापड झाला. अठरा फूट भिंत खरवडून पुन्हा. यापुढे पाणी मारण्याची वही वेगळी, सही करणाऱ्याचं नाव असणार.

15 मे

आडात पाणी काठापासून 26 फुटांवर, म्हणजे तळाला चार फूट. भर उन्हाळ्यात आहे, हे महत्त्वाचं. ओल दोन फूट अकरा इंच.

परसात कोब्याखालची भर उपसून जमीन जोत्याच्या वरच्या कडेपासून दहा इंच खाली नेली. भिंतीलगत दोन फूट खोल चर खणला, त्यात खडी भरली, उतार आडाच्या उलट बाजूच्या शोषखड्ड्याकडे. चर खणताना जुनी दगडी पन्हळ सापडली, नेमकी त्याच रेषेत, त्याच उतारावर. म्हणजे 1841 च्या मिस्त्रीने हे करूनच ठेवलं होतं. मी त्याचंच काम पुन्हा केलं, आणि फी घेतली.

22 मे

माझी चूक आहे, लिहून ठेवते. माडीवरची कौलं उतरवून कडीपाटाची दुरुस्ती चालली होती. हिशेब असा की पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कौलं 28 मेला परत चढतील. यंदा मे महिन्यातच पाऊस बसला. काल रात्री ताडपत्रीची एक कड वाऱ्याने सुटली आणि माडीत घोटाभर पाणी. दिवाणखान्याचं छत भिजलं, ताज्या चुन्यावर चहासारखे ओघळ. सागाचा चीक उतरलाय, तो आता रंगानेही पूर्ण झाकला जाणार नाही. छताच्या पूर्वेच्या कोपऱ्यात जे तपकिरी डाग आहेत ते गळतीचे नाहीत, या एका रात्रीचे आहेत. खर्च मी सोसला.

2 जून

एजंट आले. कालच बैठकीत सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तारखा जाहीर झाल्या, 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, आणि ते एकदम तेजीत. जाहिरातीचा मसुदा वाचून दाखवला. "पेशवेकालीन वाडा." म्हटलं, तुळईवर 1841 आहे, पेशवाई 1818 ला संपली. "मॅडम, तेवीस वर्षं इकडे तिकडे." पुढे "गुलशनाबादचा वारसा सांगणारी खाजगी बाग." मोगलांच्या वेळी नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं हे खरं, पण आत्ता परसात एक पारिजातक, कढीपत्त्याचं रोप आणि खडीचा ढीग आहे. आणि शेवटी: "मागच्या बोळातून भिंत उघडल्यास दोन गाड्यांची पार्किंग."

हे शेवटचं काढायला लावलं. ते नाराज. त्यांचं म्हणणं, गावात लाकूड कुणी विकत घेत नाही, जागा घेतात. आणि गाडी लावता येत नाही त्या जागेला गिऱ्हाईक अर्धं. यात ते चुकीचे नाहीत. दुसरी तक्रार मागच्या उघड्या भिंतीची. फोटोत विटा दिसतात, गिलावा करून टाका. करणार नाही म्हटलं. एक पावसाळा भिंत उघडीच राहील, मग ठरवू.

7 जुलै

तीन दिवस संततधार. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गंगा, म्हणजे आपली गोदावरी, भरून वाहतेय. सकाळी रामकुंडापर्यंत जाऊन आले. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय हे बघायला गर्दी. गावात पुराचं माप तेच. पाणी आणखी चढलं की लोक सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजतात. आपली गल्ली चढावर आहे, पुराचं पाणी इथे येत नाही, पण आडात ते लगेच कळतं. नऊ फूट. मेपेक्षा सतरा फूट वर.

मागची भिंत तीन फूट तीन इंच. चढली, चार इंच. एजंटांनी फोटो मागितला होता, पाठवला. उत्तर आलं नाही.

परसात मात्र पाणी साचलं नाही. चर ते घेतोय, शोषखड्डा पितोय. पारिजातकाच्या बुंध्याशी गांडुळं दिसली.

6 ऑगस्ट

हे पान घेणाऱ्याने वाचावं.

भर पावसात भिंतीची ओल उतरायला लागली आहे. आज तीन फूट एक इंच. महिनाभर पाऊस थांबलेला नाही, आड आठ ते दहा फुटांवर खेळतोय, तरी रेघ खाली सरकली. म्हणजे नुसत्या पावसाने ओल येत नव्हती. पाणी अडत होतं, आणि आता त्याला वाट मिळाली.

जाहिरातीत परसाला बाग म्हटलंय आणि बाग म्हणून ती छान होईलही. पारिजातक आहेच, अनंत, सोनचाफा आणि दोन डाळिंबं मागच्या कडेला लावली, न्हाणीच्या पाण्यावर अळू. पण या वाड्यापुरतं बोलायचं तर ही उघडी माती मागच्या भिंतीचा भाग आहे. इथे पुन्हा फरशी टाकली, पत्र्याची शेड केली, गाडीसाठी काँक्रीट ओतलं, तर पाणी पुन्हा भिंतीकडे वळेल. पहिली दोन-तीन वर्षं काही दिसणार नाही. मग रंगाला फुगे, मग क्षार, मग खांबांचे बुंधे. झाड भिंतीपासून आठ फुटांच्या आत नको. औदुंबर, पिंपळ तर कुठेच नको. न्हाणीच्या भिंतीतून पिंपळाचं एक रोप आधीच काढलंय. कापायला पोरं तयार होईनात, शेवटी मुळासकट सोडवून गंगेच्या काठी नेऊन लावलं, त्यात अख्खा दिवस गेला.

19 सप्टेंबर

ताईंच्या मनात आलं की खरेदीखतातच अट घालू: परस झाकायचा नाही. वकिलांनी हसत नाही म्हटलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 11. मालकी पूर्ण दिली की ती कशी वापरायची हे विकणारा ठरवू शकत नाही, तशी अट घातली तरी घेणारा ती नसल्यासारखं वागू शकतो. अपवाद, विकणाऱ्याची लागून दुसरी मिळकत असेल आणि तिच्या फायद्यासाठी अट असेल तर. आपली नाही. ताई म्हणाल्या, "मग तुमची वहीच राहिली."

सीएंकडून कराचं: वाडा वारशाचा, त्यामुळे मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन धरायचं, दुरुस्तीचा खर्च त्यात मिळवता येतो, पण बिलं हवीत. एकूण 71 लाख गेले. बिलं 64 लाखांची आहेत. वखारवाला, पाथरवट आणि ताग विकणाऱ्या बाई पावती देत नाहीत.

4 ऑक्टोबर

दसरा झाला, मागच्या भिंतीला चुना चढवला. ओल दोन फूट दोन इंचांवर आलीय, गिलाव्यातून उरलेली जाईल. डाव्या टोकाला वीतभर रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत कोरीच ठेवली. विटा उघड्या, खडूच्या रेघा आणि तारखा तशाच. एजंटांनी पुढे कपाट लावायचं सुचवलं. लावलं, दाखवताना सरकवायचं असं ठरलं.

29 ऑक्टोबर

मागणी 2 कोटी 60 लाख. आतापर्यंत तीन जण आले.

पहिले बिल्डर. आत न येता चौकातूनच मापं विचारली. दुसरे हॉटेलवाले, सिंहस्थासाठी बारा खोल्या बसतील का. माजघरात तीन, परसात चार, असं बोटांनी मोजत होते. अण्णा त्यांच्याशी फारच गोड बोलले आणि ते गेल्यावर दिंडीला अडसर घातला.

तिसरे नवरा-बायको, मुंबईहून, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. बाई मूळच्या नाशिकच्या. त्या थेट मागे गेल्या आणि आडात डोकावून "हं" म्हणाल्या. साहेबांनी मात्र कपाट सरकवलं. वही मागितली, ओसरीवर बसून दीड तास वाचली. चहा गार झाला.

18 नोव्हेंबर

सौदा ठरला, 2 कोटी 38 लाख. साहेब वहीतूनच भाव करत होते. "सात जुलैला ओल चार इंच चढली असं तुम्हीच लिहिलंय. छताचे डाग तुम्हीच लिहिलेत." प्रत्येक पानाला दोन-दोन लाख उतरत गेले. धाकटे भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. एजंट बघत होते.

बाहेर पडताना अण्णा म्हणाले, "मी म्हटलं होतं, फार नका लिहू." पण रागाने नाही.

खरेदी बाईंच्या नावावर, म्हणजे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत; नोंदणी फी तीस हजारांच्या कमाल मर्यादेत. विकणारे तीन, त्यामुळे एक टक्का टीडीएसचे तीन फॉर्म वेगळे भरायचे, हे त्यांच्या माणसाला दोनदा सांगितलं.

6 डिसेंबर

ताबा दिला. किल्ल्या अकराच, त्या चार अजूनही बेवारस. चुन्याचं एक पिंप न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलंय, वर चार बोटं पाणी राहिलं तर वर्षानुवर्षं टिकेल. खपली उडाली तर त्यातलाच वापरा. कौलं शंभर जादा, माळ्यावर. वही बाईंकडे. ही नोंद आणि पुढची मी सुट्या कागदावर लिहून पाठवतेय, मागे चिकटवून घ्यावी.

20 डिसेंबर

साहेबांचा फोन. माळ्याने परसात पेव्हर ब्लॉक सुचवलेत, पावसाळ्यात चिखल होईल म्हणून.

म्हटलं, सहा ऑगस्टचं पान.

"वाचलंय. म्हणूनच विचारतोय. वाळूत बसवले, खाली सिमेंट नाही, सांधे उघडे ठेवले तर?"

याचा मी विचार केला नव्हता. सांध्यांतून पाणी मुरेल. वाळू दर दोन वर्षांनी उकरून बदलावी लागेल, नाहीतर ती मातीने भरून कोब्यासारखीच होते. आणि भिंतीपासून चार फूट पट्टा उघडाच हवा, चराच्या वर काही नको.

"तीन फूट."

चार.

मागून बाईंचा आवाज आला, आडात आज सोळा फूट आहे म्हणून सांगा. साहेब म्हणाले, साडेतीन करू. चर दीड फूट रुंद आहे, पुढे दोन फूट माती राहते. ठीक आहे म्हटलं.